चाल जिथे टेकते, तिथे कॉर्ड

साकोलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी विचारलं आहे: "मी मुलांसाठी गाणी लिहितो. चाल आपोआप सुचते, ती मोबाईलवर गुणगुणून ठेवतो. आता एक जुना कीबोर्ड मिळाला आहे. सी, एफ, जी, ए मायनर, डी मायनर एवढ्या कॉर्ड्स शिकलो. पण चालीखाली त्या लावायला गेलो की कुठे छान वाटतं, कुठे बोचतं. चालीतला प्रत्येक स्वर कॉर्डमध्ये असायलाच हवा का? की आधी कॉर्ड्स ठरवून मगच चाल करायची?" सोबत त्यांनी पावसाच्या गाण्याचं छोटं रेकॉर्डिंग दिलं आहे आणि ओळींखाली आपल्या कॉर्ड्स लिहिल्या आहेत.

गुरुजी, नमस्कार. रेकॉर्डिंग पाच-सहा वेळा ऐकलं, मग पेटीवर वाजवून पाहिलं. चाल चांगली आहे. "आला पाऊस बांधीत, चल रोवणीला गं" ही ओळ (बांधी म्हणजे धानाचं खाचर, रोवणी म्हणजे धानाची लावणी) एकदा ऐकली आणि रात्री जेवताना तोंडात आली. ज्या चालीत दम नाही ती अशी येत नाही. तेव्हा चालीवर शंका घेऊ नका, कॉर्ड्सचं, म्हणजे एकदम दाबायच्या तीन-तीन स्वरांचं, आपण पाहू.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. बावीस हंगाम झाले. धान घरात आलं की दिवाळीनंतर आमचं काम सुरू होतं आणि होळीपर्यंत चालतं. आज मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) गावात, उद्या शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात. रात्री दहाला पडदा उघडतो, पहाट होईपर्यंत नाटक चालतं आणि गाणी नट स्वतः उभ्याने गातात. दरवर्षी नवी नाटकं येतात, नवी पदं येतात. लेखक आमच्या नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाला येऊन कागद हातात देतो, नट चाल गुणगुणतो आणि चार दिवसांत ते सगळं वाद्यांवर बसवायचं असतं. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यापुढे दर हंगामात दहा-पंधरा वेळा येतो. गिटारवर गाणारा किंवा स्टुडिओत काम करणारा माणूस यातलं काही वेगळं सांगेल आणि त्याच्या जागी ते बरोबर असेल. मी सांगतो ते अशा गाण्यांसाठी, जिथे चाल आधी येते, गळ्यातून येते आणि वाद्य तिच्या मागून जातं.

तुम्ही विचारलं आहे की कोणत्या स्वराखाली कोणती कॉर्ड. तुमच्या लिहिलेल्या कॉर्ड्स पाहिल्यावर खरी अडचण वेगळी दिसते. पहिल्या एका ओळीत तुम्ही नऊ कॉर्ड्स लावल्या आहेत. प आला की जी, म आला की एफ, रे आला की डी मायनर. चालीच्या प्रत्येक पावलाखाली तुम्ही एक पाट ठेवताय. चाल काही स्वरांवरून नुसती जाते आणि काही स्वरांवर टेकते. कॉर्ड टेकण्याच्या जागी लागते. मधले स्वर त्या दोन जागांमधली वाट आहेत, त्यांना आपलं स्वतंत्र घर लागत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, प्रत्येक स्वर कॉर्डमध्ये असण्याची गरज नाही.

आता क्रमाने जाऊ. सगळ्यात आधी तुमचा सा कुठे आहे ते नक्की करा. बहुतेक लोक हे करतच नाहीत. गाणं सुरू कुठून होतं यावरून सा ठरत नाही, तुमची ओळ तर प पासून सुरू होते. ओळ पूर्ण गा आणि शेवटी थांबा. जिथे "आता पुढे काही नाही म्हटलं तरी चालेल" असं वाटतं, तो बहुतेक वेळा सा. खात्री करायची तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, सा-प चालू ठेवा आणि त्यावर गा. सा चुकला असेल तर दोन ओळींत कळतं, गाणं दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं. याचं एक नेहमीचं फसवं रूप आहे. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर बसणारी चाल दिसली की आपण पांढरी एकला (कीबोर्डवरचा सी) सा धरून टाकतो. पण चाल दर वेळी पांढरी सहावर (ए) येऊन विसावत असेल, तर तिचा सा पांढरी सहा आहे आणि ती आसावरी थाटाची, कोमल ग, ध, नी घेणारी चाल आहे. तिला घर म्हणून ए मायनर हवी, सी मेजर नाही. तुमच्या गाण्यात असं झालेलं नाही, तुमचा सा पांढरी एकलाच आहे. पण पुढच्या गाण्यात होईल, म्हणून सांगून ठेवतो.

मी यापुढे कॉर्ड्सची नावं सरगमेत घेतो. तुमच्यासाठी सा मेजर म्हणजे सी, म मेजर म्हणजे एफ, प मेजर म्हणजे जी, ध मायनर म्हणजे ए मायनर, रे मायनर म्हणजे डी मायनर. सरगमेत विचार करायची सवय मला नाटकाने लावली. पहाटे तीन वाजता नटाचा गळा बसतो, तो डोळ्यांनी खूण करतो आणि पुढचं पद अर्धा सूर उतरवून घ्यावं लागतं. तेव्हा सी-एफ-जी पाठ असून उपयोग नाही. "घरातून म वर गेलो, प वरून परत आलो" एवढं डोक्यात असलं की पट्टी कोणतीही चालते.

शुद्ध स्वरांच्या चालीत सहा कॉर्ड्स कामाच्या. सा मेजरमध्ये सा, ग, प. रे मायनरमध्ये रे, म, ध. ग मायनरमध्ये ग, प, नी. म मेजरमध्ये म, ध, सा. प मेजरमध्ये प, नी, रे. ध मायनरमध्ये ध, सा, ग. हे एकदा हाताने वहीवर लिहा, म्हणजे एक गोष्ट आपोआप दिसेल: एकच स्वर अनेक घरांत राहतो. सा तीन घरांत आहे, सा मेजर, म मेजर आणि ध मायनर. प सुद्धा तीन घरांत आहे, सा मेजर, ग मायनर, प मेजर. तेव्हा "प आला म्हणून प ची कॉर्ड" हा हिशोब सुरुवातीलाच चुकतो. तुमच्या हातात निवड आहे, आणि निवड करताना त्या एका स्वराकडे न पाहता आधीची जागा आणि पुढची जागा पाहायची.

तुमची ओळ घेऊ. केरवा ताल आहे, आठ मात्रांचा; आठ मात्रांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन. मी ऐकून मांडली ती अशी. पहिल्या आवर्तनात "आला पाऊस": समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, प, दोन मात्रांचा, मग प, ध, पाचव्या मात्रेवर पुन्हा प, मग म आणि शेवटी ग वर थांबा. दुसऱ्यात "बांधीत": समेवर लांब म, मग ग, रे आणि पाचव्या मात्रेपासून पुढे रे धरलेला. तिसऱ्यात "चल रोवणीला": रे, ग, म, म, पाचवीवर ग, मग रे आणि खालचा नी. चौथ्यात "गं": समेवर सा आणि आठही मात्रा सा.

केरव्यात वजन पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतं. तबलजीच्या ठेक्याकडे कान द्या, तो सांगतो. मी आधी या दोनच जागा पाहतो. पहिल्या आवर्तनात दोन्ही जागी प आहे आणि शेवटचा थांबा ग वर आहे. प आणि ग दोन्ही सा मेजरमध्ये आहेत. संपलं, पूर्ण आवर्तन सा मेजर. मधला ध आणि म वाटेतले आहेत, ते आले आणि गेले. तुम्ही इथे एकट्या आवर्तनात जी, ए मायनर, जी, एफ, सी असं केलंत, म्हणून खाचरातून बैलगाडी गेल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या आवर्तनात समेवर म आणि पाचवीवर रे. इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही बरोबर. रे मायनरमध्ये म आणि रे दोन्ही आहेत, तेव्हा पूर्ण आवर्तन रे मायनर ठेवता येतं, गाणं जरा ओलसर होतं. किंवा पहिल्या चार मात्रा म मेजर आणि पाचवीला प मेजर. मग गाणं उठून चालायला लागतं. रोवणीला बोलावणारं गाणं आहे, मी दुसरी वाट घेईन. तुम्हाला पहिली आवडली तर घ्या, यात चूक-बरोबर नाही.

तिसऱ्या आवर्तनात पूर्ण वेळ प मेजर. समेवरचा रे तिच्यात आहे, शेवटचा नी तिच्यात आहे. पाचव्या मात्रेवरचा ग तिच्यात नाही, पण तो लगेच रे वर उतरतो, म्हणून गोड लागतो. मधला म दोन मात्रा आहे, तो प मेजरमध्ये मिसळला की घरी जायची ओढ आणखी वाढते. हवं तर तुमच्या उजव्या हाताच्या कॉर्डमध्ये तो म धरूनही ठेवा. आणि चौथ्यात सा मेजर, बरोबर समेवर. नऊच्या जागी चार कॉर्ड्स झाल्या. दोनदा वाजवून पाहा.

त्या शेवटच्या समेबद्दल थोडं थांबतो, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त बोचतं ते तिथेच. मुलं "गं" म्हणत सा वर येतात आणि तुमचा हात अजून जी वर असतो. अर्धा सेकंदच, पण तेवढ्यात कान दुखतो. माझ्या दुसऱ्या हंगामात हेच झालं होतं. मुलीच्या पाठवणीचं पद होतं, नटी शेवटचा सा धरून उभी राहिली, डोळ्यांत पाणी, पुढे दोन-अडीच हजार माणसं गप्प बसलेली. आणि मी प मेजर धरून बसलो होतो. तिचा सूर हलला. नाटक पुढे गेलं, कोणी काही बोललं नाही. सकाळी चहाच्या टपरीवर आमचे म्हातारे तबलजी एवढंच म्हणाले, "बाबू, बाई घरी पोचली होती, अन् तू अंगनातच उभा होता." ते वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही. त्यानंतर घरी परतायच्या समेच्या आधीच्या मात्रेला मी हात उचलतो. कॉर्ड थोडी आधी तुटली तर कोणाला कळत नाही, उशिरा बदलली तर सगळ्यांना कळतं.

ते बोचतं का, हे कळलं की निम्मं काम होतं. प मेजरमध्ये नी आहे. नी आणि सा पेटीवर शेजारच्या पट्ट्या. गाणारा सा धरतो आणि खाली नी वाजत राहतो, त्या दोघांची ओढाताण होते. नियम असा धरा: चालीतला लांब स्वर कॉर्डमधल्या एखाद्या स्वराच्या लगेच वरच्या पट्टीवर असेल, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून, तर तो टोचणार. सा मेजरवर म टोचतो, कारण ग त्याच्या लगेच खाली आहे. ध मायनरवर म टोचतो, कारण तिथेही ग आहे. प मेजरवर सा टोचतो. उलट सा मेजरवर रे किंवा ध धरून ठेवला तरी टोचत नाही. ते स्वर कॉर्डमध्ये नाहीत, पण एक पट्टी सोडून बसलेले आहेत. म्हणून चालीतला परका स्वर दिसला की लगेच कॉर्ड बदलायला धावू नका. आधी पाहा तो किती वेळ थांबतो, कोणत्या मात्रेवर थांबतो आणि त्याच्या लगेच खाली कोण आहे.

आणि टोचणाऱ्या म चा सुद्धा उपयोग आहे. समेवर म घेऊन मग ग वर उतरणारी चाल असेल तर खाली सा मेजर ठेवा, पण पहिल्या दोन मात्रा कॉर्डमधून ग काढून त्याच्या जागी म दाबा, म्हणजे सा, म, प. गाणारा ग वर उतरला की तुमचं बोट पण त्याच्यासोबत ग वर उतरवा. हुंदका आवरल्यासारखा आवाज येतो. पाठवणीच्या पदात मी हे दर वेळी करतो.

आता तुमचं कडवं. "आभाळ आलं भरून" या ओळीत तुम्ही लिहिलं आहे, "इथे एफ लावली तर फारच वाईट वाटतं, पण चार्टमध्ये म साठी एफच आहे." गुरुजी, तुमच्या गळ्याने तिथे शुद्ध म घेतलेला नाही. पुन्हा ऐका. ग वरून तुम्ही प वर जाता, मध्ये जो स्वर घेता तो तीव्र म आहे, कीबोर्डवर काळी तीन. मुखड्यात शुद्ध म आणि कडव्यात तीव्र म, असं आपल्या चालींत पुष्कळदा होतं, गळ्याला ते आपोआप सुचतं आणि सुंदर लागतं. पण खाली म मेजर दाबली की शुद्ध म आणि तीव्र म शेजारी-शेजारी एकदम वाजतात. दोष तुमच्या चालीचा नाही. त्या जागी सा मेजरच राहू द्या. समेवर ग आहे, पाचवीवर प आहे, दोन्ही सा मेजरचे. तीव्र म त्यांच्यामधून जातो. उद्या एखाद्या चालीत तीव्र म वरच लांब थांबलात, तर रे, तीव्र म, ध अशी रे मेजर लावून पाहा, तिथे ती शोभते.

हे एवढ्यासाठी लांबवलं की आमच्याकडे येणारी नवी पोरं सा-म-प या तीन कॉर्ड्स शिकून येतात आणि प्रत्येक गाण्यावर त्याच लावतात. यमनच्या वळणाची चाल असली की म मेजर तिच्यात परकी, कारण यमनात शुद्ध म नाहीच. खमाजच्या वळणात चढताना शुद्ध नी आणि उतरताना कोमल नी असतो, तेव्हा चढताना प मेजर चालते, पण उतरताना तीच लावली तर दोन नी भांडतात. तिथे कोमल नी, रे, म अशी कोमल नी वरची मेजर घ्यायची. काफीच्या वळणात सा मायनर, म मेजर आणि कोमल नी वरची मेजर यांवर बहुतेक काम भागतं. म्हणजे आधी चालीतले स्वर मोजायचे, मग त्याच स्वरांतून कॉर्ड्स बनवायच्या. चार्ट बाहेरून आणायचा नाही.

काही चालींना कॉर्ड लावूच नये, हेही माझं ठाम मत आहे. भैरव किंवा भैरवीच्या वळणाचं पद असतं, त्यात कोमल रे सा च्या लगेच वर बसलेला असतो. माझ्या वरच्या नियमाप्रमाणे तो टोचायला हवा, आणि टोचतोच. पण त्या रागाचा सगळा जीव त्या टोचण्यात आहे. तिथे तीन स्वरांची जाड कॉर्ड दाबली की ते दुखणं झाकलं जातं. मी अशा वेळी फक्त सा-प धरतो, कधी नुसता सा. आपल्या भागातली खंजिरीवरची भजनं आठवा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव नेलेली. खंजिरी, टाळ, फार तर एक पेटी, आणि ती पेटी चालीच्या सोबत चालते, खाली कॉर्ड धरत नाही. तरी कुठे काही कमी वाटतं का? शाळेत भजनाच्या वळणाचं गाणं बसवलंत तर कीबोर्डवाल्या पोराला हात आखडता घ्यायला सांगा.

तशीच एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. पेटी आणि कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे त्यांचा शुद्ध ग, तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक ग पेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, अर्धा सूर १०० सेंट धरला तर. फरक छोटा, पण सुरेल गळा नैसर्गिक ग वर जाऊन बसतो आणि तुमची मेजर कॉर्ड त्याच्या जरा वरचा ग वाजवत राहते. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती अनेक वर्षं टिकली, तेव्हा पेटीविरुद्धच्या तक्रारींत तिच्या या बांधलेल्या सुरांचीही तक्रार होती. मी पेटीवाला आहे, पेटीवर माझं घर चालतं, पण त्या तक्रारीत तथ्य आहे हे मान्य करतो. उपाय सोपा आहे. गाणारा ग वर लांब थांबला की कॉर्डमधलं ग वरचं बोट उचला, सा आणि प तेवढे ठेवा. ग गळ्यातून येतोच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे काम करतो, ती सांगतो. एकाच चालीखाली कॉर्ड बदलली की गाण्याचा अर्थ बदलतो. तुमची "आला पाऊस" ही पहिली सुरावट घ्या आणि खाली सा मेजरच्या जागी ध मायनर लावा. चालीतला प ध मायनरमध्ये नाही, पण टोचतही नाही, कारण तो ध च्या खाली एक पट्टी सोडून आहे. तीच चाल, तेच शब्द, पण आता वाटतं की पाऊस आला खरा, बांधीत रोवायला माणूस मात्र घरात राहिला नाही. नाटकात पहिल्या अंकात लग्नघरात वाजलेली चाल तिसऱ्या अंकात पुन्हा येते, नट तीच चाल तशीच गातो, लोक मात्र रडतात. लेखकाने एक अक्षर बदललेलं नसतं. तुमच्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात विहीर आटल्याची ओळ आहे. तिथे मुखड्यावर परत येताना एकदाच ध मायनर लावून पाहा आणि त्याच्या पुढच्या वेळी सा मेजरवर या. एकदाच. दर वेळी लावलीत तर तिची धार जाईल.

थोडक्यात क्रम असा: गाऊन सा ठरवा, चालीतले सगळे स्वर वहीत लिहा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर कोण आहे ते पाहा, त्यांच्यासाठी कमीत कमी कॉर्ड्स निवडा, मग लेकराला झोपवायच्या आवाजात गाऊन ऐका. जिथे टोचेल तिथे शेजारची पट्टी शोधा.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, आधी कॉर्ड की आधी चाल. दोन्ही प्रकारे चांगली गाणी होतात. कॉर्ड्सचं चक्र आधी लावून त्यावर गुणगुणलं की काम पटकन होतं, आणि रिकाम्या डोक्याला धक्का द्यायला ते बरं. पण माझा अनुभव असा की तशी चाल आळशी होते. खाली कॉर्ड बदलत असते म्हणून आपल्याला वाटतं गाणं पुढे जातंय, आणि गळा मात्र दोन-तीन स्वरांतच बसून राहतो. अशा चालीची परीक्षा एकच: कीबोर्ड बंद करा आणि नुसत्या टाळीवर गा. उभी राहिली तर ठेवा. तुम्हाला चाल आधी सुचते, शब्दासकट सुचते, आणि "बांधीत" मधला लांब "बां" बरोबर समेवर पडतो. हे शिकवून येत नाही. तुम्ही चाल आधीच करा.

फक्त पुढची दोन-तीन गाणी भूपाच्या स्वरांत करून पाहा, म्हणजे सा, रे, ग, प, ध. त्यात म नाही आणि नी नाही, म्हणून टोचायच्या जागा फार थोड्या उरतात. सा मेजर, ध मायनर, अधूनमधून प मेजर, एवढ्यावर गाणं उभं राहतं. कान तयार झाला की मग म ला आणा.

आणि गाणं मुलांना पांढरी एकमध्ये देऊ नका. रेकॉर्डिंगमध्ये "रोवणीला" मधला खालचा नी तुम्ही गाता तिथे मुलांचा आवाज नाहीसा होतो, त्यांच्या गळ्याला तो खाली पडतो. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असेल, ते दोनने वर न्या. तुमची बोटं सी, एफ, जी वरच राहतील, गाणं पांढरी दोनमध्ये निघेल. चौथीची मुलं असतील तर तीनने वर नेऊनही पाहा, कडव्यातला वरचा सा ओरडून येत नाही ना, तेवढं ऐका. नव्या कॉर्ड्स लावून गाणं पुन्हा रेकॉर्ड केलंत तर इथे टाका, तिसऱ्या कडव्यातली ध मायनर कशी लागली ते मला ऐकायचं आहे.